दुखावलेले मूल व शाळेचा आधार

(शिक्षक, पालक व पंचायत सदस्य यांच्या सभेपुढील भाषणाचा मजकूर)



सरकारी प्राथमिक शाळांची पटसंख्या घटत चालली आहे, ही चिंता अलीकडे प्रत्येक सभेत बोलून दाखविली जाते आणि ती रास्तही आहे. परंतु जी मुले पटावर आहेत, नाव पुकारले की ‘हजर’ म्हणतात आणि तरीही मनाने वर्गात नसतात, त्यांच्याविषयी त्या मानाने फार थोडे बोलले जाते. आजच्या भाषणाचा विषय ही मुले होत.

अशा मुलाचे वर्तन प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. बाहेर पत्रा वाजला तरी ते दचकते. बाई फळ्यावर लिहीत असतात आणि याची नजर दाराकडे लागलेली असते. वही विसरणे नित्याचेच. शेजाऱ्याचा कोपर चुकून लागला तरी ते उठून त्याला मारते. उलट दुसरे एखादे मूल कोणी मारले तरी तोंडातून ब्र काढीत नाही आणि मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभे राहते. पहिल्याला शाळा ‘व्रात्य’ ठरविते, दुसऱ्याला ‘गरीब स्वभावाचा’. पहिल्याला शिक्षा होते. दुसऱ्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. दोघांच्या वर्तनाचे मूळ मात्र पुष्कळदा एकच असते, आणि ते म्हणजे मनावर झालेला व अद्याप न ओसरलेला एखादा आघात.

आघात म्हटला की भूकंप, महापूर, अपघात अशी मोठी संकटे डोळ्यांपुढे उभी राहतात. तशी संकटे गोव्याला अपरिचित नाहीत. जुलै २०२१ मधील पुरात सत्तरी व डिचोली तालुक्यांत अनेक घरे कोसळली. पाणी घरात शिरताना ज्या मुलाने पाहिले, त्याला पुढल्या वर्षीच्या पावसाचा आवाज निराळा ऐकू येणे स्वाभाविक आहे. तथापि बहुसंख्य आघात असे वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले, मध्यंतरी ते सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडले. पुढे लिलावाने काही खाणपट्टे देण्यात आले. या घडामोडींची चर्चा महसूल, पर्यावरण व रोजगार या दृष्टींनी भरपूर झाली. परंतु खाणपट्ट्यातील ज्या घराच्या अंगणात हप्त्यावर घेतलेला ट्रक वर्षानुवर्षे उभा राहिला, त्या घरात रात्री मोठ्या आवाजात काय बोलले जात होते, हे तेथल्या शाळकरी मुलाइतके कोणाला ठाऊक असणार? कोठे बापाचे व्यसन, कोठे आईला होणारी मारहाण, कोठे कोविडच्या साथीत गेलेले माणूस, तर कोठे एका बांधकामावरून दुसऱ्या बांधकामावर हलणारे बिऱ्हाड. असे मूल सकाळी दप्तर घेऊन शाळेत येते, तेव्हा दप्तरात नसलेले ओझेही त्याच्या पाठीवर असते.

या ओझ्याचा अभ्यासाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. तो संबंध शरीराच्या घडणीतच आहे. धोका दिसला की मेंदू शरीराला पळण्याची किंवा लढण्याची आज्ञा देतो. ॲड्रेनलीन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात मिसळतात, छाती धडधडू लागते, स्नायू ताठरतात. वाटेत साप आडवा आला तर हीच व्यवस्था माणसाचे प्राण वाचविते, आणि साप निघून गेला की सारे पूर्ववत होते. परंतु ज्याच्या घरी धोका रोज संध्याकाळी उंबरठ्यावर येतो, त्याच्या शरीराला पूर्ववत होण्यास अवकाशच मिळत नाही. ते सदैव पहाऱ्यावर राहते. पहाऱ्यावर असलेल्या मनाला पाढे पाठ करणे, दोन गोष्टींची तुलना करणे किंवा राग आवरणे ही कामे जड जातात. म्हणजे ज्याला आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो, त्याचे लक्ष असते; ते पुस्तकाऐवजी धोक्याकडे असते. अशा मुलावर शिक्षक ओरडले, छडी उगारली, तर पहाऱ्यावरच्या मनाला एवढेच कळते की धोका येथेही आहे.

लहानपणीचे हे घाव मोठेपणी विसरले जातात, असा एक समज आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी व डॉ. रॉबर्ट आंडा यांनी या समजाची तपासणी केली. एका आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी येणाऱ्या १७ हजारांहून अधिक प्रौढ माणसांना त्यांनी बालपणातील मारहाण, उपेक्षा, घरातील व्यसन, हिंसा, आईवडिलांची ताटातूट यांविषयी विचारले, आणि १९९८ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्याला यांपैकी निदान एक तरी दुःख आलेले होते. ज्यांच्या वाट्याला चार वा अधिक आली, त्यांच्यात पुढील आयुष्यात खिन्नता, व्यसनाधीनता, आत्महत्येचे प्रयत्न, इतकेच नव्हे तर हृदयविकारासारखे शारीरिक रोगही अधिक प्रमाणात आढळले. विशेष हे की, ते लोक बहुतांशी शिकलेले व बऱ्या स्थितीतले होते. तेव्हा हा केवळ झोपडपट्टीचा प्रश्न आहे, असे मानून चालणार नाही.

एवढेच ऐकून कोणी हताश होऊ नये, कारण या चित्राची दुसरी बाजूही तितकीच अभ्यासपूर्वक पाहिली गेली आहे. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके घेतला. ऊसमळ्यांत राबणाऱ्या मजुरांची मुले त्यांत पुष्कळ होती. ज्या मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, घरातील कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम आल्या, त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांश मुले तरीही कर्ती, आत्मविश्वास असलेली व इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. या मुलांना काय लाभले होते? त्यांच्या आयुष्यात आईवडिलांपैकी एक, आजीआजोबा, शेजारी किंवा शिक्षक असे निदान एक तरी माणूस होते, ज्याला हे मूल हवेसे वाटत होते. चिवटपणा हा केवळ जन्मजात गुण नाही, तो माणसांच्या सोबतीने वाढतो, असा याचा अर्थ होतो. ‘मूलच खंबीर नाही’ असे म्हणून हात झटकणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता प्रश्न असा की, हे माणूस शाळेत मिळावे यासाठी काय करता येईल? पुष्कळशा गोष्टींना एक पैसाही लागत नाही. सकाळी दारात उभे राहून प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारणे ही त्यांतली पहिली. दिवसाचा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवणे ही दुसरी, कारण ज्याच्या घरात पुढल्या घटकेला काय होईल याचा भरवसा नसतो, त्याला शाळेत तो भरवसा मिळणे हेच मोठे औषध असते. वर्गात कोणी बाहेरचे येणार असेल, तास बदलणार असेल, तर आगाऊ सांगावे. संतापलेल्या मुलाला सर्वांसमक्ष जाब विचारू नये. त्याला पाणी पिऊन येऊ द्यावे, शांत झाल्यावर बाजूला घेऊन, ‘तू असे का केलेस?’ याऐवजी ‘काय झाले, बाळा?’ असे विचारावे. याचा अर्थ चूक पोटात घालावी असा नव्हे. मोडलेली पट्टी त्याने भरून द्यावी, ज्याला मारले त्याची क्षमा मागावी. नियम राहू द्यावेत, अपमान तेवढा काढून टाकावा.

कायद्याचेही सांगणे हेच आहे. गोवा बाल अधिनियम, २००३ याने राज्यातील शाळांत शारीरिक शिक्षेला बंदी घातली. त्यानंतर केंद्राच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला. छडी बव्हंशी गेली आहे. टोमणा गेला आहे, असे मात्र म्हणता येत नाही. ‘तुझ्या घरचेच तसे’ हे तीन शब्द कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत, परंतु मुलाच्या मनात ते छडीच्या वळांपेक्षा जास्त दिवस राहतात.

टोमण्यांपैकी एक प्रकार गोव्याच्या शाळांत विशेष सांभाळण्याजोगा आहे, तो भाषेवरून होणारा. येथील सरकारी प्राथमिक शाळांत कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा आदी प्रांतांतून कामाला आलेल्या कुटुंबांची मुले बरीच आहेत. एखाद्या मुलाच्या घरात लमाणी, वस्तीवर कन्नड, बाजारात हिंदी व कोंकणी, आणि शाळेत मराठी असते. पाच भाषांतून वाट काढणाऱ्या या मुलाला ‘काही येत नाही’ असे म्हटले जाते! ज्या मराठी माणसाने बेळगाव, इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे दुसऱ्या भाषांच्या शेजारात आपली शाळा जपली, त्याला तरी हे उमगावयास हवे. त्या मुलाच्या आईला शाळेत बोलावून तिच्या भाषेतील एक गोष्ट वर्गाला ऐकविली, पाण्याला, भाकरीला, चांदोबाला लमाणीत काय म्हणतात ते फळ्यावर लिहिले, तर मराठीचे काही उणे होत नाही, आणि ते मूल त्या दिवसापासून वर्गाचे होते.

हे सारे एकेका सहृदय शिक्षकाला करता येते व कित्येक जण ते गाजावाजा न करता करीत आहेत. परंतु सहृदय शिक्षकाची बदली होते. म्हणून ही गोष्ट शाळेच्या व्यवस्थेत कशी बसवावी, हा खरा प्रश्न आहे. या बाबतीत बिहार राज्यात झालेला एक प्रयोग विस्ताराने सांगण्याजोगा आहे. त्याचे बीज गोव्यातलेच होते, हे आणखी एक कारण.

गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील संस्थेने येथील काही शाळांत प्रशिक्षित, परंतु मानसशास्त्राची पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांना नेमून पाहिले. त्या अनुभवाच्या आधारे पुढे बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांसाठी ‘सेहर’ नावाचा मोठा कार्यक्रम आखण्यात आला. २०१५-१६ या शैक्षणिक वर्षासाठी ७५ शाळा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून त्यांचे तीन गट करण्यात आले. नववीतील १३ हजारांहून अधिक विद्यार्थी यात होते. पहिल्या गटातील प्रत्येक शाळेला बाहेरचा एक स्थानिक कार्यकर्ता मिळाला. त्याला ‘सेहर मित्र’ म्हणत. दुसऱ्या गटात हेच काम, याच साहित्यानिशी, शाळेतीलच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपविण्यात आले. तिसऱ्या गटात यांपैकी काहीच नव्हते. राज्य शासनाचे जीवनकौशल्याचे नेहमीचे तास तेवढे तिन्ही गटांत होते.

मित्राचे काम साधे होते. परिपाठाच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणे किंवा नाट्यप्रवेश करविणे, दर महिन्याला भित्तिपत्रक लावणे, स्पर्धा घेणे, मुलांचा एक गट बनवून शाळेच्या अडचणींवर त्यांच्याकडूनच तोड काढविणे. भिंतीवर एक पेटी असे, तीत मुलांनी नाव घालून वा न घालता आपले गाऱ्हाणे टाकावे. ज्याला एकट्याने बोलावेसे वाटे, त्याच्यासाठी मित्राजवळ वेळ असे.

आठ महिन्यांनी मुलांनाच विचारण्यात आले. शिक्षक तुम्हाला आधार देतात काय? ही शाळा आपली वाटते काय? शाळेच्या कारभारात तुम्हाला विचारले जाते काय? पहिल्या गटातील शाळांत या प्रश्नांची उत्तरे स्पष्टपणे अधिक चांगली आली. तेथे दांडगाई व मारामाऱ्या कमी आढळल्या, खिन्नतेची लक्षणे कमी आढळली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस हा फरक आणखी वाढला. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आणि दुसरा गट? ज्या शाळांत हेच काम शिक्षकाकडे दिले होते, त्या शाळांत व काहीही न केलेल्या शाळांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष अधिकारीवर्गाने दोनदा वाचावा असा आहे. तो शिक्षकांस कमीपणा आणणारा मुळीच नाही. शिक्षकाला आपला वर्ग असतो, अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला शिक्षणेतर कामांतून मुक्त केले, परंतु दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ही कामे अपवाद म्हणून ठेवलीच. शिवाय जो गुण देतो, ज्याचे मुलाच्या बापाशी देवळात बोलणे होते, त्याच्यापाशी घरातील गुपित कसे उघड करावे, हा संकोच मुलाच्या बाजूनेही असतोच. नवीन योजना आली की तिची नोंदवही शिक्षकाच्याच टेबलावर येऊन पडते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नालंद्याचा अनुभव एवढेच सांगतो की, ऐकून घेण्याचे काम हे स्वतंत्र काम आहे, त्याला वेळ लागतो, आणि ज्याच्याजवळ वेळ नाही त्याच्यावर ते लादले तर ते कागदावर होते, प्रत्यक्षात होत नाही.

तो प्रयोग माध्यमिक शाळांतला होता, तेव्हा दोन शिक्षकी प्राथमिक शाळेला तो जसाच्या तसा लागू पडेल, असे म्हणणे धाडसाचे होईल. लहान मुले चिठ्ठी लिहिणार नाहीत. ती चित्र काढतील, किंवा कोणाजवळ तरी बसून राहतील. परंतु जवळपासच्या पाचसहा शाळा मिळून एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या वारी येत राहील, ही व्यवस्था अशक्य कोटीतली नव्हे. कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. या समितीने अशी मागणी ठरावाने केली, तर भागशिक्षणाधिकाऱ्यांस ती वरिष्ठांकडे नेणे सोपे जाईल. शाळेला रंग काढण्यासाठी ठराव होतात, यासाठीही व्हावा. ती व्यक्ती येईपर्यंत मुख्याध्यापकाने शिक्षकांचा भार किती वाढविला यापेक्षा किती कमी केला, हे पाहावे. खचलेला शिक्षक खचलेल्या मुलाला उभे करू शकत नाही, आणि शिक्षकालाही कोणीतरी ‘कसे चालले आहे?’ असे विचारावे लागते.

काही प्रसंगी मात्र ऐकून घेणे पुरेसे नसते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे वा होत असल्याचे कळले, तर २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याप्रमाणे ते पोलिसांस कळविणे ज्याला कळले त्याच्यावर बंधनकारक आहे. गावाची अब्रू, शाळेचे नाव या सबबी तेथे चालत नाहीत. म्हणून ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नये. ‘तुला मदत करतील त्यांनाच सांगीन’ असे म्हणावे. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि मनाच्या आजाराविषयी सल्ल्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक. दोन्ही विनाशुल्क आहेत. ते कार्यालयातील फळ्यापेक्षा मुलांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहावेत.

पेटीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण माध्यमिक शाळांना ती उद्यापासून लावता येईल. ती मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर टांगू नये. तेथे चिठ्ठी टाकताना मूल दिसते. जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवावी. किल्ली वर्गशिक्षकाकडे नसावी. उघडण्याचा वार ठरलेला असावा व तो चुकू नये. ज्या गाऱ्हाण्यांवर उघडपणे बोलता येईल, त्यांचे उत्तर त्याच आठवड्यात परिपाठाच्या वेळी द्यावे. काही करता येत नसेल तर तसे, कारणासह, सांगावे. अक्षरावरून मूल ओळखण्याची हौस कोणी करू नये. पहिल्या पंधरवड्यात चेष्टेच्या चिठ्ठ्या निघतील, शेंगदाण्याची टरफलेही निघतील. त्यावरून पेटी काढून टाकू नये. त्यानंतर मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, नळाचे पाणी अकरानंतर येत नाही, अमुक मुले डबा हिसकावतात, असली गाऱ्हाणी येऊ लागतील. मुले आधी अशा लहान गोष्टींतून पारख करतात. कडी त्याच आठवड्यात बसवावी. ज्या चिठ्ठ्यांसाठी ही पेटी टांगली, त्या कडी बसल्यावरच येतात.